हबवरचा पापुद्रा: घरी बदललेल्या ब्रेक डिस्कचं एक प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क स्वतः बदलल्या. ब्रेक छान लागत होते, गाडी रोज अंबडला कामावर जात होती. ऑक्टोबरमध्ये, साधारण 4,800 किलोमीटर झाल्यावर, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. सगळे भाग नवे आणि तरी ही तक्रार! कारण सापडलं ते गंजाच्या एका पापुद्र्यात. तो मी जूनमध्ये डोळ्यांनी पाहिला होता आणि तसाच सोडला होता. घरी ब्रेकचं काम करणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून मापांसकट सगळं मांडतो.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. जूनमध्ये 62,000 किलोमीटर झाले होते. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे मायक्रोमीटर आणि डायल गेज, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मापनसाधनं, रोज हाताळतो. जूनमध्ये मात्र यातलं काहीही मी घरी आणलं नाही. जुनं काढायचं आणि नवं बसवायचं, यात मोजायचं काय, असं वाटलं. या प्रकरणातली पहिली चूक हीच.

जूनचं काम

पॅड संपत आल्याची शिट्टी वाजू लागली होती. ही शिट्टी म्हणजे पॅडला लावलेली छोटी पोलादी पट्टी. अस्तर झिजलं की ती डिस्कला घासते आणि आवाज करते. चाक काढून पाहिलं तर उजवीकडच्या आतल्या पॅडवर जेमतेम 2 मिमी अस्तर उरलं होतं, बाहेरच्यावर 4. आतला पॅड जास्त झिजला याचा अर्थ कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो त्या जाम होत होत्या. हे पाहून ठेवलं नाही तर नवे पॅडही तसेच तिरके झिजतात.

डिस्कच्या काठाला चांगलाच कंगोरा आला होता. इथे बरेच जण फसतात. व्हर्निअर सरळ लावला की जबडे त्या कंगोऱ्यावर टेकतात आणि माप जास्त येतं. घरी फक्त व्हर्निअर होता, म्हणून घासलेल्या भागावर दोन्हीकडे एकेक सारखं नाणं धरलं, एकूण जाडी घेतली आणि नाण्यांची वजा केली. 18.1 मिमी. डिस्कवर कोरलेली किमान जाडी 18, नवी असताना 20. एवढ्यावर नवे पॅड चढवण्यात अर्थ नव्हता. द्वारकेकडच्या एका दुकानातून दोन डिस्क आणि पॅडचा संच आणला.

सपाट फरशी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग जॅक स्टँड. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली हात घालणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना दर वेळी थांबवलं आहे. स्टँड नसेल तर काम त्या दिवशी करूच नका.

कॅलिपर उघडून तारेने स्प्रिंगला टांगला. ब्रेकच्या रबरी होजवर तो लोंबकळू द्यायचा नसतो, होज आतून फाटते आणि बाहेरून कळतही नाही. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलायला सी-क्लॅम्प आणि मधे जुना पॅड. ढकलताना वरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, त्यावर नजर हवी. बॉनेटच्या रंगावर थेंब पडला तर रंग उचलतो, म्हणून खाली ओलं फडकं.

डिस्क हबला चिकटून बसली होती. हातोडा मारण्याऐवजी डिस्कमध्येच दिलेल्या आट्यांच्या दोन भोकांत 8 मिमीचे बोल्ट घातले आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो. तिसऱ्या-चौथ्या वेळी खट् असा आवाज होऊन ती सुटली. आतला हबचा चेहरा, म्हणजे डिस्क ज्यावर टेकते तो गोल सपाट भाग, तांबूस-तपकिरी गंजाने भरलेला होता. वायर ब्रशचे दोन-चार हात मारले. दोन स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांच्या, मधे एक काळपट पापुद्रा तसाच राहिला. आभाळ भरून आलं होतं, पार्किंगचा तो भाग उघडा आहे, आणि दुसरं चाक अजून बाकी होतं. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं आणि डिस्क चढवली.

शेवटी भाच्याला गाडीत बसवलं. तो पॉलिटेक्निकला आहे, त्याला शिकायचं होतं.

"मामा, पेडल पार खाली जातंय!"

"जाऊ दे. पिस्टन मागे ढकललेत ना आपण. सोडून पुन्हा दाब, सावकाश."

आठ-दहा वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं. हे विसरून गाडी काढली तर पहिल्या ब्रेकला पाय तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. चाकं लावल्यावरची पहिली गोष्ट हीच, किल्ली फिरवण्याआधीची.

गडावरून परत येताना

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो. दिंडोरीच्या पुढे सरळ रस्त्याला 80 च्या वेगात ब्रेक लावला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांत थरथरलं. शेजारी बसलेल्या आईलाही दिसलं. "अरे, हात का हलतायत तुझे?" वेग 50 च्या खाली आला की थांबायचं. गडावरून नांदुरीकडे उतरताना गाडी दुसऱ्या गिअरला ठेवली होती, ब्रेक थोडाच लागत होता, पण तिथे पेडल पायाखाली हळूहळू वरखाली होत असल्याचं जाणवत होतं.

लक्षणं नीट वेगळी केली तर निम्मं निदान तिथेच होतं. ब्रेक न लावता वेगात थरथर असती तर चाकाच्या बॅलन्सिंगकडे पाहिलं असतं. इथे ती फक्त ब्रेकवर होती. सीट किंवा तळ हलला असता तर मागच्या ड्रमवर संशय, स्टेअरिंग हललं म्हणजे पुढची चाकं. अगदी हलक्या ब्रेकवरही होत होतं, म्हणजे एबीएसचा (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पायाला जाणवणारा धडधडाट नव्हता, तो जोरात ब्रेक मारून चाक अडकू लागलं तरच येतो.

सोसायटीतल्या काकांनी लगेच सांगितलं, "गरम डिस्कवर पाणी पडलं असेल, वाकली." गॅरेजवालेही हेच म्हणतात आणि नव्या डिस्क लावून देतात. मला हे पटत नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. बिडाची जाडजूड डिस्क रोजच्या वापरात अशी सहज वाकत नाही. थरथर होते ती बहुतेक वेळा डिस्कची जाडी गोल फेरीत सगळीकडे सारखी न राहिल्यामुळे. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन ढकलला जातो, पातळ भाग आला की सैल पडतो. तोच धक्का पेडलला आणि स्टेअरिंगला पोचतो. माझ्या टायरच्या मापाने 80 च्या वेगात चाक सेकंदाला जवळपास बारा वेळा फिरतं, म्हणून हात असे थरथरतात.

आता प्रश्न असा की पाच महिन्यांपूर्वी सारख्या जाडीची असलेली नवी डिस्क असमान झाली कशी?

मोजणी

या वेळी शॉपमधून परवानगी घेऊन गेज धरायचा मॅग्नेटिक बेस, डायल गेज आणि मायक्रोमीटर घरी आणला. रविवारी सकाळी भाचाही आला.

डिस्कचं डगमगणं, म्हणजे रनआउट, मोजायची एक अट आहे. चाक काढलं की डिस्क फक्त हबवर टेकलेली असते, ती हलते आणि माप खोटं येतं. म्हणून चाकाचेच नट जाड वॉशर घालून आवळायचे, आणि तेही टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, सारख्या जोराने. माझ्या गाडीला 85 न्यूटन मीटर. मग गिअर न्यूट्रलला, बेस स्ट्रटला (चाकाजवळच्या शॉक-अप आणि स्प्रिंगच्या खांबाला) चिकटवला, गेजचं टोक डिस्कच्या काठापासून सुमारे 10 मिमी आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली.

डावीकडे काटा 0.04 मिमीमध्ये फिरला. उजवीकडे 0.13. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा 0.10 आहे.

भाचा काट्याकडे बघत होता. "मामा, एवढंसं? केसाएवढं नाही."

"केसाएवढंच आहे. पण ते दर फेरीला आहे."

मग जाडी. डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या, काठापासून सारख्याच अंतरावर, आणि प्रत्येक ठिकाणी मायक्रोमीटर. डावीकडे सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत पातळ जागेत 0.006 मिमीचा फरक. उजवीकडे 0.022. आणि उजवीकडे पातळ जागा दोन होत्या, जवळजवळ समोरासमोर. मला हा सगळ्यांत बोलका पुरावा वाटला. डिस्क किंचित तिरकी बसली असेल तर ब्रेक न लावतासुद्धा, सरळ रस्त्यावर धावताना, तिचा बाहेर आलेला भाग दर फेरीला बाहेरच्या पॅडला हलकेच घासतो आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा भाग आतल्या पॅडला. हजारो किलोमीटर असं घासत गेलं की दोन समोरासमोरच्या जागा पातळ होतात. म्हणूनच नवी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. चूक बसवतानाच होते आणि तक्रार चार-पाच महिन्यांनी येते, तोपर्यंत आपण ते काम विसरलेले असतो.

डिस्क वाकडी की बैठक वाकडी हे ठरवायची सोपी चाचणी आहे. काटा सगळ्यांत वर जातो तिथे डिस्कवर खडूची खूण केली आणि त्याच्या समोरच्या स्टडवर मार्करचा ठिपका. डिस्क काढली, एक भोक पुढे, म्हणजे 90 अंश, फिरवून पुन्हा बसवली, त्याच टॉर्कने आवळली, पुन्हा मोजली. दोष डिस्कचा असता तर उंच जागा खडूबरोबर सरकली असती. ती ठिपका केलेल्या स्टडपाशीच राहिली. म्हणजे दोष हबच्या बाजूला.

डिस्क पुन्हा काढून हबवर नख फिरवलं. दोन स्टडच्या मधे नख अडलं. जूनमधला तोच काळपट पापुद्रा. डिस्कच्या दाबाने आणि पावसाळ्यातल्या पाण्याने आता तो दगडासारखा घट्ट झाला होता. बोथट स्क्रॅपरने खरवडला, नखाएवढा एक तुकडा अख्खा निघाला. तो मायक्रोमीटरमध्ये धरला: 0.06 मिमी.

0.06 च्या पापुद्र्याने 0.13 कसं, हे भाच्याला कागदावर काढून दाखवलं. डिस्क टेकते तो हबचा गोल सुमारे 130 मिमी व्यासाचा. गेजचं टोक फिरलं ते सुमारे 236 मिमीच्या वर्तुळावर. आत एका बाजूला 0.06 ची पाचर घातली तर बाहेर ती 236 भागिले 130 या पटीने वाढते, म्हणजे 0.11 च्या आसपास. उरलेलं 0.02 हब आणि डिस्कचं स्वतःचं. एवढं नीट जुळलेलं गणित कामावरही क्वचित मिळतं. हबच्या तोंडाशी राहिलेली घाण डिस्कच्या काठाला जवळपास दुप्पट होते, हे त्या कागदावर पाहिल्यापासून मी हब पुसताना घाई करत नाही.

दुसरं एक कारणही तपासलं. पंक्चरवाले कधीकधी हवेच्या गनने नट एकेक करून पूर्ण जोरात आवळतात, त्यानेही डिस्क ओढली जाते. जून ते ऑक्टोबर माझं चाक कुणी उघडलं नव्हतं. बेअरिंगमध्ये खेळ आहे का तेही हबला वरखाली हलवून पाहिलं, नव्हता.

दुरुस्ती

हब साफ करायला उजवीकडे पाऊण तास लागला. वायर ब्रश, मग सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला 120 नंबरचा पॉलिश पेपर, स्टडच्या मुळाशी पेपरची चिंचोळी पट्टी दुमडून. गंज काढायचा, धातू नाही, म्हणून ग्राइंडर लावला नाही. घाई करून ग्राइंडर लावला तर हबच वाकडातिकडा होतो आणि मग तो बदलावाच लागतो. डिस्कच्या आतला टेकणारा भागही असाच पुसला. हबच्या मधल्या उंच गोलाला ग्रीसचा अगदी पातळ हात, पुढच्या वेळी डिस्क चिकटू नये म्हणून. टेकणाऱ्या सपाट भागाला, स्टडला, नटांना काहीही नाही.

साफ हबवर तीच डिस्क चढवली. काटा 0.04 वर आला.

पण डिस्कची जाडी तर असमान झालीच होती, तिचं काय? नवी घ्यायची की लेथवर घासून घ्यायची? डिस्क अजून 19.8 मिमी होती, किमानपेक्षा भरपूर जाड. आमच्याच शॉपच्या लेथवर, वरिष्ठांना विचारून, एका अनुभवी फिटर काकांनी दोन्ही डिस्क घासून दिल्या. त्यांनी काळजी घेतली ती अशी की डिस्क हबवर टेकते तीच बाजू पकडून, एकाच बांधणीत दोन्ही तोंडं घेतली. पहिलं तोंड घेऊन डिस्क उलटून पुन्हा बांधली असती तर नवीनच तिरकेपणा आला असता. उजवी 19.6 वर आली, जाडीतला फरक 0.004. डावी चांगली होती तरी तीही घेतली, एका ॲक्सलवरच्या दोन डिस्कचा पृष्ठभाग वेगवेगळा असला की गाडी ब्रेकवर एका बाजूला ओढू शकते. बाहेर कुठे काम द्यायचं झालं तर "एकाच बांधणीत करता का?" हा प्रश्न आधी विचारा. उत्तर टाळलं तर नवी डिस्क घ्या.

पॅडवर 9 मिमी अस्तर होतं. वरची चकाकी काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकारात घासून काढली, तोंडाला मास्क लावून. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने कधीच उडवू नये, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आताची धूळही छातीत गेलेली बरी नाही. क्लीनरने ओली करून पुसायची.

ब्रेक ऑइल बदललं. खरं तर हे जूनमध्येच करायला हवं होतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना डॉट 4 दर्जाच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओल धरल्यावर तो 155 पर्यंत उतरतो. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट आपण उतरतोच, तिथे ट्रकच्या मागे सतत ब्रेक धरला तर कॅलिपर खूप तापतो. तेल उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी एकदा ते बदलावं, किलोमीटर कितीही असोत. भाचा पेडलवर, मी चाकापाशी, जुनं तेल सोडायच्या नळीपाशी. "दाब. धरून ठेव. सोडू नको." नळी बंद केल्याशिवाय पेडल सोडलं तर हवा आत ओढली जाते, हे त्याला पहिल्याच चाकाला समजलं.

पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवायला दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक रस्त्याला बेळगाव ढग्याच्या पुढे गेलो. मागे कुणी नाही हे पाहून 60 वरून 15 पर्यंत बेताच्या दाबाने, दहा वेळा, मधे अर्धा-पाऊण किलोमीटर चालवत. गाडी एकदाही पूर्ण थांबवली नाही. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून धरला तर त्या जागी अस्तराचा थर चिकटतो आणि तिथूनही थरथर सुरू होऊ शकते. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता गार होऊ दिली आणि परत आलो. थरथर गेली होती.

डायल गेज घरी नसेल तर

बहुतेकांकडे नसतोच. तरी दोन गोष्टी जमतात. एक, नवी डिस्क चढवण्याआधी हबवर नख आणि व्हर्निअरची सरळ कड चारही दिशांनी फिरवायची आणि कडेखालून उजेड दिसतो का पाहायचं. दोन, डिस्क नट-वॉशरने नीट आवळून, स्ट्रटला एक ताठ तार बांधून तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणायचं, आणि फिलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ, पात्या घालून अंतर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती होतं ते बघायचं. मी हे नंतर माझ्याच गाडीवर करून पाहिलं. 0.05 च्या पातीने 0.13 ची डिस्क पकडता येईल, 0.04 ची नाही, पण तेवढी पकडायची गरजही नाही.

मार्चमध्ये, दुरुस्तीनंतर 3,100 किलोमीटरवर, उजवं चाक पुन्हा उघडलं. रनआउट 0.04, आठ खुणांवर जाडीतला फरक 0.005, आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजलेला. खालच्या पिनेच्या रबरी टोपीला बारीक चीर दिसली, ती मागवली आहे. आली की पावसाच्या आधी बसवायची आहे, आणि त्या वेळी हबकडेही एकदा पाहून घेईन.